पिकअप मधूनच झटके मारते? पार्ट बदलण्याआधी ‘केव्हा’ ते शोधा



आजचा संदेश पिकाचा नाही, पिकअपचा आहे. थोडा लांब आहे, म्हणून निवांत वाचा आणि मोबाईलमध्ये जपून ठेवा. सोंगणी-मळणीच्या धामधुमीत कामाला येईल.

सोयाबीन मळून पोत्यात भरलं म्हणजे काम संपलं असं होत नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा किंवा मानोरा, जी बाजार समिती जवळ असेल तिथं माल हर्रासाच्या आधी पोचला पाहिजे. गाडी मधेच रुसली तर हर्रास हुकतो, मुक्काम पडतो, भाडं वाढतं. त्यात परतीचा पाऊस आला आणि ताडपत्री कमी पडली तर मालाचा ओलावा चढतो. हमीभावाच्या खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा आहे, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे इंजिनाचा झटका शेवटी आपल्याच खिशाला बसतो.

संकलन केंद्रावर दर हंगामात एक तक्रार हमखास ऐकायला मिळते: “साहेब, गाडी कधी कधी झटका मारते, कधी तं काहीच नाही. मिस्त्रीकडं नेली की एकदम बरोबर चालते!” मग अंदाजानं एक पार्ट बदलला जातो. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मग दुसरा पार्ट. डिझेल फिल्टरचा खर्च शेकड्यात असतो, इंजेक्टर आणि पंपाचा हजारांत. म्हणून हा पाठ.

१) हा दोष अवघड का वाटतो

गाडी कायमची बंद पडली तर शोधणं सोपं असतं. अधूनमधून येणारा दोष मिस्त्रीच्या समोर येत नाही. तो फक्त तुमच्या समोर येतो. म्हणजे या दोषाचे एकमेव साक्षीदार तुम्ही आहात. साक्ष नीट दिली तर मिस्त्रीचं अर्धं काम होतं. “झटके मारते” एवढंच सांगितलं तर त्याला अंदाजच करावा लागतो.

आपल्या शेतातलं उदाहरण घ्या. सोयाबीन पिवळं पडलं की आपण लगेच औषध घेत नाही, आधी बघतो. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं आधी पिवळी, तर नत्राकडं बघायचं. पानावर हिरवे-पिवळे चट्टे आणि सोबत पांढरी माशी, तर मोझॅक. रंग एकच, कारणं तीन. हे न बघता एकाच पंपात तीन औषधं मारली तर पीक सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिन्हीचा खर्च करावा लागतो.

गाडीचंही तसंच आहे. झटका एकच, कारणं अनेक. झटका केव्हा येतो, यावरून दोष कुठे आहे ते कळतं.

२) इंजिनाला काय लागतं

आपल्याकडच्या बहुतेक पिकअप डिझेलच्या. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. दाबलेल्या गरम हवेत डिझेलचा फवारा गेला की ते पेटतं. आजच्या कॉमन रेल गाडीला त्यासाठी तीन गोष्टी अखंड लागतात:

• स्वच्छ डिझेल, ज्यात पाणी नाही आणि हवेचे बुडबुडे नाहीत.
• एअर फिल्टर आणि टर्बोमधून येणारी पुरेशी हवा.
• सेन्सर, वायर आणि कॉम्प्युटरचा बरोबर हुकूम.

४ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडर दर २ फेऱ्यांना एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला एकूण ४००० वेळा, सेकंदाला ६६-६७ वेळा. एवढ्या घाईत एखादा बुडबुडा, पाण्याचा थेंब किंवा ढिली वायर मधे आली की तुम्हाला गचका जाणवतो. बुडबुडा निघून गेला, वायर पुन्हा टेकली की गाडी जणू काही झालंच नाही अशी चालते.

३) आधी खात्री करा: झटका इंजिनाचाच आहे का?

गाडी चालत असताना झटका आला की आरपीएमच्या काट्याकडं लक्ष द्या. (चालवणाऱ्यानं रस्त्यावर बघायचं, शेजारी बसणाऱ्यानं काट्यावर.)

• काटा हलत नाही पण गाडी हिसका देते: क्लच, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा माउंटिंग बघा. इंजिनाच्या मागे लागू नका.
• इंजिन दबतं तसा काटा हळूहळू खाली येतो: बहुतेक वेळा डिझेल किंवा हवा कमी पडते.
• गाडी गिअरमध्ये पळत असतानाच काटा एकदम शून्यावर पडतो आणि पुन्हा उठतो: कॉम्प्युटरला इंजिनाचा सिग्नल तुटतो आहे. क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा मुख्य सप्लाय बघायचा.

या एका निरीक्षणानं शोधाची दिशा ठरते.

४) वहीत लिहायच्या ८ गोष्टी

गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा. झटका आला की गाडी थांबवल्यावर लिहा, किंवा मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा.

१. इंजिन थंड होतं की गरम? सुरू करून किती वेळ झाला होता?
२. गाडी रिकामी होती की भरलेली? अंदाजे किती पोते?
३. रस्ता सपाट, चढ, उतार की वळण?
४. टाकीत डिझेल किती होतं? शेवटचं कुठून भरलं, पंपावर की कॅनमधून?
५. पाऊस होता का? गाडी नुकतीच धुतली होती का?
६. खड्डा किंवा गतिरोधक लागल्यावर आला का?
७. डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला? धूर काळा, पांढरा की काहीच नाही?
८. बरी कशी झाली? आपोआप, पेडल सोडल्यावर, चावी बंद-चालू केल्यावर, की थंड झाल्यावर?

आणखी एक प्रश्न, तोही वहीत लिहाच: त्रास सुरू होण्याच्या आधी गाडीला शेवटचा हात कुठे लागला? फिल्टर बदलला, बॅटरी काढली, टेप बसवला, गाडी धुतली? बऱ्याच वेळा दोष तिथंच सापडतो.

५ ते ६ वेळा लिहून झालं की वहीतच एक नमुना दिसायला लागेल.

५) ‘केव्हा’वरून ‘कुठे’

• सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, पहिली काही मिनिटं गचके, मग बरी: रात्रभरात डिझेल लाइनमध्ये हवा शिरते आहे. फिल्टरचं रबर, पाइपच्या क्लिपा, प्रायमर पंप बघा.

• भरलेली गाडी चढावर दबते, रिकामी बरी: डिझेल कमी पोचतं आहे (फिल्टर चोक, पाइप दबलेला) किंवा हवा कमी पोचते आहे (एअर फिल्टर चोक, टर्बोचा होज फाटलेला). काळा धूर असेल तर आधी हवेकडं बघा.

• टाकी पाव राहिली की वळणावर किंवा चढावर गचके, टाकी भरली की बंद: टाकीतला सक्शन पाइप किंवा त्याची जाळी.

• तासभर सलग चालल्यावर दबायला लागते, टाकीचं झाकण उघडलं की ‘सूं’ आवाज येतो आणि गाडी बरी होते: टाकीला श्वास घ्यायची वाट बंद झाली आहे. झाकण किंवा ब्रीदरच्या नळीत माती बसली आहे.

• गरम झाल्यावर एकदम बंद पडते, १५-२० मिनिटं थांबलं की सुरू होते: क्रँक सेन्सर किंवा रिलेचा संशय घ्या.

• पाऊस, चिखल किंवा धुण्यानंतर: कपलरमध्ये पाणी गेलं आहे.

• खड्ड्यात, गतिरोधकावर: ढिलं बॅटरी टर्मिनल, अर्थिंग, घासलेली वायर.

• पेडल ठराविक जागी आलं की दरवेळी गचका: एक्सिलरेटर पेडलचा सेन्सर किंवा त्याचा कपलर.

• एकदम ताकद जाते, गाडी एका हद्दीच्या वर जातच नाही, चावी बंद-चालू केली की काही वेळ बरी: कॉम्प्युटरनं दोष नोंदवून इंजिन वाचवायला ताकद कमी केली आहे. इथं स्कॅनरच लागतो.

• १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत डीपीएफ असेल आणि त्याचा दिवा लागला असेल: काजळी साठली आहे. शेत ते गाव अशा छोट्या फेऱ्यांत ती जळून साफ होत नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. तरी दिवा राहिला तर सर्व्हिस सेंटरला न्या.

ही यादी पक्का निकाल नाही. शोध कुठून सुरू करायचा, एवढंच ती सांगते.

६) घरी करायच्या तपासण्या, स्वस्तापासून महागाकडं

एका वेळी एकच गोष्ट करा. केली की वहीत तारीख टाका. मग गाडी २-३ दिवस नेहमीसारखी चालवून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

कामाआधी: सपाट जागा, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, चाकाला दगड. इंजिन बंद आणि थंड. विडी-सिगारेट लांब.

पहिली तपासणी: डिझेलचा नमुना.
माती परीक्षणाला नमुना घेतो तसाच हा घ्यायचा. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, म्हणून रात्रभर उभ्या गाडीत ते तळाला बसतं. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करा आणि काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धा-पाऊण कप डिझेल घ्या. १५ मिनिटं बाटली हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. तळाला काळा-तांबूस गाळ दिसला तर टाकीत घाण आहे. स्क्रू हातानं घट्ट करा, प्रायमर असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, मग गाडी सुरू करा. पाणी थोडंच निघालं तर ३-४ दिवसांनी पुन्हा नमुना घ्या. भरपूर निघालं तर टाकीच साफ करावी लागेल.

दुसरी तपासणी: डिझेल फिल्टर.
बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तकात असते. आपल्याकडं धूळ आणि कॅनचं डिझेल, त्यामुळं मुदतीच्या आधीही तो चोक होतो. फिल्टर बदलल्यावर ८ दिवस बरी आणि पुन्हा तेच, तर दोष फिल्टरचा नाही. टाकीतली घाण नवा फिल्टरही भरते आहे.

तिसरी तपासणी: हवा कुठून शिरते.
विहिरीवरच्या मोटरीचा अनुभव आठवा. डिलिव्हरी पाइपला भोक असेल तर पाण्याची पिचकारी दिसते. सक्शन पाइपला भोक असेल तर बाहेर थेंबही पडत नाही, पण पंप हवा धरतो आणि पाणी तुटक फेकतो. ज्या गाडीत टाकीमध्ये विजेचा पंप नाही, इंजिनावरचाच पंप डिझेल ओढतो, तिथं टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन सक्शनची. म्हणून “कुठंच गळत नाही, म्हणजे लाइन चांगली” असं समजू नका. कोरडी लाइनसुद्धा हवा ओढू शकते. टाकीत विजेचा पंप असलेल्या गाडीत मात्र लाइनमध्ये दाब असतो, तिथं भोक असेल तर डिझेल बाहेर येतं.

बघायचं काय: पाइप वाकवून बारीक चिरा, जुन्या क्लिपा, चेसिसला घासलेली जागा, फिल्टरचं रबर मुरगळलेलं. पक्की खात्री हवी असेल तर मिस्त्रीला फिल्टरच्या आधी डिझेलचा पारदर्शक पाइप तात्पुरता लावायला सांगा. इंजिन सुरू ठेवून बघा. फिल्टर उघडल्यावर सुरुवातीला थोडे बुडबुडे येणारच, पण ते थांबलेच नाहीत तर हवा टाकीकडच्या भागातून येते आहे. मग पारदर्शक पाइप आणखी मागे, टाकीजवळ लावायचा. ठिबकच्या मुख्य लाइनमधली गळती आपण वाल बंद करत अर्धी-अर्धी लाइन तपासून शोधतो, तशीच ही शोधायची.

चौथी तपासणी: टाकीचं झाकण.
त्रास सुरू झाला की सुरक्षित जागी थांबून झाकण उघडा आणि पुन्हा बसवा. लगेच फरक पडला तर ब्रीदर साफ करा. झाकण काढून किंवा सैल ठेवून गाडी चालवू नका, धूळ-पाणी आत जाईल.

पाचवी तपासणी: बॅटरी आणि अर्थिंग.
मल्टिमीटर बहुतेक वायरमनकडं असतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला पाहिजे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड साफ करा. इंजिन ते चेसिस जाणारी अर्थची पट्टी उघडून गंज घासा आणि घट्ट आवळा. बॅटरीची केबल काढायची असेल तर आधी ७ वा मुद्दा वाचा.

सहावी तपासणी: वायर आणि कपलर.
गाडी गोदामाजवळ किंवा गोठ्यात उभी राहते, तिथं उंदीर असतातच. कुरतडलेली वायर शोधा. मग एक जण इंजिन सुरू ठेवून बसेल आणि दुसरा एकेक कपलर हलका हलवेल. ज्या कपलरला हात लावल्यावर इंजिन गचकतं, तिथं दोष. इंजेक्टरच्या कपलरला आणि वायरला मात्र हात लावायचा नाही, तिथं जास्त व्होल्टेज असतं. लोंबते कपडे, दुपट्टा, पदर पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

सातवी तपासणी: हवेची वाट.
एअर फिल्टर काढून बघा. थ्रेशरच्या भुशात उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर भरतो. टर्बोपासून इंजिनापर्यंतचा होज हातानं दाबून चीर शोधा. तेलकट डाग आणि चढावर ‘फुस्स’ आवाज ही खूण.

७) हे करू नका

• नोझलचा पाइप सैल करून बघू नका. जुन्या इंजिनात मिस्त्री एकेक नट ढिला करून कोणता सिलिंडर मिसिंग आहे ते ओळखायचे. कॉमन रेल गाडीत ही सवय जिवावर बेतू शकते. तिथं डिझेलचा दाब १००० बारच्याही वर जातो. गाडीच्या टायरमधला दाब साधारण ३-४ बारचा असतो. एवढ्या दाबाची बारीक धार हातमोज्यातूनही कातडीत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतून हात सडू शकतो. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जा आणि “दाबाचं डिझेल आत गेलं” असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

• दाबाच्या लाइनची गळती बोटानं चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून बघायचं, तेही मिस्त्रीनंच.

• डिझेलमध्ये पेट्रोल किंवा रॉकेल मिसळू नका. पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात.

• गाडी धुताना प्रेशरचं पाणी कपलर, फ्यूज बॉक्स आणि कॉम्प्युटरवर मारू नका.

• स्कॅनर लावण्याआधी बॅटरीची केबल काढू नका. काही गाड्यांत साठवलेली दोषाची नोंद त्यानं पुसली जाते.

८) मिस्त्रीकडे जाताना

वही सोबत न्या आणि हे मागा:

पहिलं, काहीही उघडण्याआधी स्कॅनर लावा. स्क्रीनचा फोटो घ्या. दिवा विझलेला असला तरी जुनी नोंद बऱ्याचदा सापडते.

दुसरं, कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. कोड ‘रेल प्रेशर कमी’ म्हणाला तर पंपच गेला असं नाही. चोक फिल्टर, हवा ओढणारा पाइप, झिजलेला इंजेक्टर, सगळ्यांनी तोच कोड येऊ शकतो. पानाचा पिवळा रंग जसा रोगाचं नाव सांगत नाही, तसंच हे.

तिसरं, स्कॅनर लावूनच फेरी मारा आणि शक्य असेल तर गाडी भरलेली ठेवा. कॉम्प्युटरनं मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं प्रेशर, दोन्ही आकडे झटक्याच्या वेळी बघा. मागणी वाढली आणि मिळालेलं प्रेशर मागे राहिलं तर डिझेलची बाजू. दोन्ही आकडे जुळत असताना झटका आला तर हवा किंवा वायरिंग.

चौथं, इंजेक्टर बदलायला सांगितले तर आधी रिटर्नची चाचणी मागा. प्रत्येक इंजेक्टरचं परतीचं डिझेल वेगवेगळ्या बाटलीत घेतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा फार लवकर भरली तर तो इंजेक्टर झिजला. चारही बदलण्याआधी हे कळलेलं बरं.

पाचवं, काढलेला जुना पार्ट परत मागा. बदलून फरक पडला नाही तर तो पार्ट दोषी नव्हता, हे तरी कळतं.

९) तीन उदाहरणं सोडवू

उदाहरण १. समजा गाडी वाशीमहून सोयाबीन घेऊन अकोल्याला गेली, काही त्रास नाही. येताना ५० किलोच्या २६ बॅगा खत, म्हणजे १३०० किलो. पातूरच्या पुढं घाट चढताना इंजिन दबलं. काळा धूर नाही. वर मेडशीकडं सपाट लागल्यावर बरी. फिल्टर बदलला, ८ दिवसांनी तेच.
विचार करा: वाशीम पठारावर, अकोला खाली. जाताना भरलेली गाडी घाट उतरली, येताना भरलेली चढली. म्हणून त्रास फक्त येताना. काळा धूर नाही, म्हणजे आधी डिझेल बघायचं. नवा फिल्टर ८ दिवस टिकला, म्हणजे घाण मागून येते. उत्तर: टाकी आणि सक्शनची जाळी साफ करा, मग नवा फिल्टर.

उदाहरण २. फिल्टर बदलून चार दिवस झाले. तेव्हापासून सकाळी सेल्फ जास्त लागतो, पहिली १० मिनिटं गचके. दिवसभर बरी.
शेवटचा हात फिल्टरला लागला. उत्तर: फिल्टरचं रबर आणि जोड बघा. नवा पंप लागत नाही.

उदाहरण ३. पोळ्याला गाडी चकचकीत धुतली. दुसऱ्या दिवसापासून गतिरोधकावर काटा शून्यावर जातो, चेक लाइट लागून विझतो.
धुणं, हादरा आणि काटा, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. उत्तर: सेन्सरचे कपलर आणि अर्थिंग. डिझेलच्या लाइनला हात लावायची गरज नाही.

१०) रस्त्यात बंद पडली तर

झटके मारणारी गाडी कधी ना कधी घाटात बंद पडते, आणि खरा धोका तिथंच आहे. पैशाचं नुकसान भरून निघतं, माणसाचं नाही.

इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होणं थांबतं. साठ्यावर ब्रेक एक-दोन वेळाच हलका लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. म्हणून:

• उतारावर बंद पडली तर गिअरमधून काढू नका, क्लच दाबून ठेवू नका. चाकं इंजिनाला फिरवत राहतात, त्यानं वेग आवरतो आणि व्हॅक्यूम पंपही फिरत राहतो.
• ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. एकदाच, घट्ट आणि सलग दाबा.
• गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका. स्टिअरिंग लॉक होईल.
• चारही इंडिकेटर लावा, डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा. तोंड चढाकडं असेल तर पहिला गिअर, उताराकडं असेल तर रिव्हर्स. चाकांना दगड लावा.
• मागे अंतरावर त्रिकोण ठेवा. रात्री मालावर बसलेल्या माणसांना खाली उतरवून रस्त्याच्या बाजूला उभं करा.

आणि हे स्पष्ट सांगतो: गाडी गेल्या आठवड्यात दोनदा बंद पडली असेल तर दोष सापडेपर्यंत तिच्यात भार घालून घाटात किंवा समृद्धी महामार्गावर जाऊ नका. एक फेरी भाड्याच्या गाडीनं करा.

११) दोष येऊच नये म्हणून

• कॅनमधून डिझेल भरायचंच असेल तर कॅन झाकून सावलीत ठेवा. एक रात्र स्थिर ठेवून वरचं डिझेल वापरा, तळाचं दोन बोटं तसंच सोडा. जाळीचं नरसाळं वापरा.
• फवारणीच्या औषधाचा जुना कॅन डिझेलला वापरू नका, आणि डिझेलचा कॅन फवारणीलाही नको.
• जस्ताचा मुलामा असलेल्या पिंपात डिझेल साठवू नका.
• पावसाळ्यात टाकी फार रिकामी ठेवून गाडी दिवसेंदिवस उभी करू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी टाकीतच उतरतं.
• सोंगणी सुरू होण्याआधी फिल्टरचं पाणी काढा, एअर फिल्टर बघा, टर्मिनल साफ करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

यातलं पाणी, फिल्टर आणि सक्शनची हवा हे सगळं ट्रॅक्टरलाही लागू आहे.

या आठवड्यात एवढं करा: वही गाडीत ठेवा आणि काचेच्या बाटलीत डिझेलचा एक नमुना घ्या. ज्यांच्या गाडीला हा त्रास आहे त्यांनी ४ थ्या मुद्द्यातल्या ८ प्रश्नांची उत्तरं याच क्रमांकावर व्हॉइस मेसेजनं पाठवा, सोबत बाटलीचा फोटोही पाठवा. संकलन केंद्रावर येणाऱ्या मिस्त्रींना आपण ते दाखवू. ज्या सभासदांची स्वतःची गाडी नाही, त्यांनी हा संदेश आपला माल नेणाऱ्या गाडीवाल्याला जरूर पाठवा.

पुढचा संदेश नेहमीप्रमाणे पिकाचा: मळणीआधी सोयाबीनचा ओलावा कसा ओळखायचा.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जि. वाशीम